चाळिसाव्या मिनिटाचा ठिपका

मी एक जुनी चिमट्याची पाटी आहे. परीक्षेला जाताना तुम्ही जे पॅड काखोटीला मारून नेता, त्याच जातीची. फक्त तुमचे पुठ्ठ्याचे असते आणि मी ॲल्युमिनियमची. डोक्यावर पोलादी चिमटा, खालच्या कोपऱ्याला गाईच्या खुराने आलेला पोचा आणि उजव्या कडेला कुत्र्याच्या दातांच्या चार खुणा. दिसायला मी काही देखणी नाही. पण मित्रांनो, सत्तावीस वर्षे माझ्यावर जे ठिपके उमटले, त्यांवर मुक्या जनावरांचे प्राण टांगलेले होते. आणि त्यांतल्या एका ठिपक्यावर एका बाईची उभी हयात टांगली गेली. तीच हकीकत आज तुम्हाला सांगणार आहे.

जन्माचे मला फारसे आठवत नाही. पत्रा कापला, वरून धप्पकन दाबला आणि शंभर बहिणींच्या चळतीत मला ठेवून दिले, एवढेच. तिथून मी गुरांच्या बाजारात आले. लिलावाला उभ्या केलेल्या वासरांचे नंबर माझ्यावर लिहीत. आमच्या मैदानी मुलखात वारा बारा महिने, त्याला सुट्टी म्हणून नाही. इतरांचे कागद कुंपणावर जाऊन अडकत, माझा एकही कधी हलला नाही. बाजारात गुरे तपासायला येणाऱ्या डॉक्टर हॅलव्हर्सन यांनी हे पाहिले आणि मुकादमाला म्हणाले, "ही मला देऊन टाक. माझ्या दवाखान्यात माणसं टिकत नाहीत आणि कागदही टिकत नाहीत." मुकादमाने दिली. अशी मी बेल्डन गावच्या जनावरांच्या दवाखान्यात आले.

त्याच वसंतात तिथे डार्लीन कुचेरा नावाची मुलगी पिंजरे धुवायला लागली. वय एकोणीस, हात लांबलचक, बोलणे तिखट. महिनाभरात डॉक्टरांच्या लक्षात आले, की या मुलीने हात लावला की बिथरलेले घोडेसुद्धा कान खाली टाकते. मग त्यांनी तिला एकेक काम शिकवले. शीर कशी शोधायची, रक्त कसे काढायचे, भुलीचे औषध कसे मोजायचे, झोपलेल्या जनावराच्या घशात श्वासाची नळी कशी घालायची. ती कुठल्या कॉलेजात गेली नाही. तेव्हा आमच्याकडे कोणीच जात नसे. डॉक्टर दाखवीत, हाताखालची माणसे शिकत.

सर्वांत शेवटी त्यांनी तिच्या हाती मला दिले. माझ्या चिमट्यात भुलीचा कागद होता. त्यावर चौकटीच चौकटी, दर पाच मिनिटांना एक. जनावर भुलीत असेतोवर दर पाच मिनिटांनी त्याच्या छातीला ऐकायची नळी लावायची, काळजाचे ठोके मोजायचे, श्वास मोजायचे आणि त्या मिनिटाच्या चौकटीत ठोक्यांच्या आकड्यापाशी शाईने ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की एक रेघ होते. रेघ सरळ चालली तर जनावर बरे आहे, खाली उतरू लागली तर हाक मारायची.

"एकच नियम," डॉक्टर म्हणाले. "कान आधी, पेन मागून. आणि खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एक सरळ रेघ ओढायची, शेजारी आपल्या नावाची पहिली अक्षरं टाकायची. खालचं वाचता आलं पाहिजे."

"खालचं कशाला वाचायचं? चुकलेलंच ना ते?"

"म्हणूनच वाचायचं."

डार्लीनने मान डोलावली. पुढची बावीस वर्षे ती आणि मी एकमेकींना सोडून राहिलो नाही. गाईने लाथ मारली ती आधी मला लागली, म्हणून तिची बरगडी वाचली. लांडग्यासारखा एक कुत्रा शुद्धीवर येता येता चावला तोही मलाच. माझ्या चिमट्याला बोटे चिमटण्याची वाईट खोड आहे. ती शिव्या द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच उचलायची. गावात लोक म्हणत, "डॉक्टर नसले तरी चालेल, डार्लीन आहे का बघा." हे ऐकून डॉक्टर हसत आणि मी चमकत असे. ॲल्युमिनियमला तेवढे जमते.

आणि मग आमच्या राज्याने नवा कायदा केला.

जनावराला भूल देणे, भुलीत त्याच्यावर लक्ष ठेवणे, दात काढणे, अशी कामे यापुढे परवानाधारक तंत्रज्ञानेच करायची. परवाना हवा असेल तर कॉलेजात दोन वर्षे शिका आणि परीक्षा द्या. जे जुने लोक हातानेच शिकले होते, त्यांच्यासाठी पाच वर्षांची मुदत ठेवली. त्यांच्या कामाच्या तासांची ग्वाही डॉक्टरांनी द्यायची, त्यांनी परीक्षा उत्तीर्ण व्हायची आणि आपल्या कामाचे अकरा कागद राज्याच्या मंडळाला दाखवायचे. मुदत गेली, की परवाना नसलेल्याने जनावर धरायचे आणि पिंजरे धुवायचे.

डार्लीनने ते पत्र वाचले, घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारले.

"बावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "आता मी पेपर देऊ? जनावर काय माझं प्रमाणपत्र वाचून झोपतं?"

हे ऐकायला शेजारी मारिसोल आर्चुलेटा उभी होती. मारिसोल त्याच साली कॉलेजातून शिकून आलेली, परवाना चौकटीत बसवून घेऊन आलेली. तिचे वडील शेजारच्या गावी मांसाच्या कारखान्यात होते आणि त्या चौकटीची काच ते दर रविवारी येऊन पुसून जात. वयाने ती डार्लीनपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण जीभ तिच्या तोडीची.

"जनावराला वाचता येत नाही हो, डार्लीन," ती म्हणाली. "म्हणून तर दुसऱ्या कोणी वाचायला पाहिजे."

"तू वाच. तुझे डोळे नवे आहेत."

असे करता करता तीन वर्षे गेली. डार्लीनने अर्ज केला नाही. डॉक्टर आठवण करून देत, ती विषय बदली. खरे सांगू का, मलाही तिचेच पटत होते. जिच्या हाताखालून हजारो जनावरे झोपली आणि उठली, तिने आता बाकावर बसून प्रश्न सोडवायचे, हा मला अपमान वाटे. पण मी पाटी होते. माझ्यावर काय लिहिले आहे ते मला माहीत होते, आणि त्यात एक गोष्ट अशी होती जी मी कोणाला सांगू शकत नव्हते.

मित्रांनो, जुन्या मुरलेल्या हातांना एक सवय लागते. जनावर दगडासारखे स्थिर असले, रेघ सरळ चालली असली, आणि दुसरे काम बोंबलत असले, की ते पुढच्या चौकटीतला ठिपका आधीच देऊन टाकतात. पाच मिनिटे हाताशी राहतात. डार्लीन वर्षातून चार-पाच वेळा असे करी. तिचा अंदाज कधी चुकला नव्हता. नवशिका असे करायला धजत नाही. हा गुन्हा फक्त हुशार माणसाचा.

तो मार्च महिना होता, म्हणजे वासरांचा हंगाम. ग्लेन होर्की नावाचा म्हातारा आपला कुत्रा घेऊन आला. बायको वारलेली, मुले शहरात; चाळीस गाई आणि बँजो नावाचा हा निळसर करडा कुत्रा, एवढाच त्याचा संसार. गाई वळवताना बँजोचा मागचा पाय काटेरी तारेत फाटला होता. त्याला भूल दिली, डॉक्टर शिवायला बसले, डार्लीन मला घेऊन डोक्याशी उभी राहिली. जिभेला लावायचे, ठोके मोजणारे एक यंत्रही होते, पण त्याचा चिमटा घसरला की ते उगाच ठणाणा करी, म्हणून कोणीतरी कधीचाच त्याचा आवाज बंद केलेला.

पस्तिसाव्या मिनिटाला तिने नळी लावली. चौऱ्याऐंशी ठोके. ठिपका दिला. रेघ इतकी सरळ, की पट्टी लावून काढल्यासारखी.

सदतिसाव्या मिनिटाला मागच्या अंगणात गाडीचा भोंगा वाजला. पहिलटकरीण गाय, वासरू अडकलेले, दोन पाय बाहेर आणि डोके आत. साखळ्या लावून ओढायला डार्लीनसारखे हात दुसऱ्या कोणाचे नव्हते. डॉक्टरांनी मान हलवली. मारिसोलला हाक गेली. ती पुढच्या खोलीत मांजराला सुई टोचत होती. तिला हात धुवून यायला दोन-चार मिनिटे लागणार. आल्या आल्या तिची धांदल नको, तिला जरा उसंत मिळावी, म्हणून डार्लीनने चाळिसाव्या मिनिटाच्या चौकटीत ठिपका देऊन टाकला. चौऱ्याऐंशी. आणि ती धावत मागे गेली.

मारिसोल आली तेव्हा घड्याळात एकेचाळीस झाले होते. तिने माझ्याकडे पाहिले. चाळीसचा ठिपका भरलेला, शाई ओली. म्हणजे आत्ताच ऐकले आहे, पंचेचाळीसला आपण ऐकायचे. ती वळून वेदनेचे औषध सुईत भरू लागली. मी तिच्यासमोर उघडी पडून होते. चाळीसला कोणीही ऐकले नव्हते हे मला ठाऊक होते, आणि मला तोंड नव्हते.

चव्वेचाळिसाव्या मिनिटाला तिचे लक्ष बँजोच्या हिरड्यांकडे गेले. त्या राखाडी दिसत होत्या. तिने नळी लावली आणि एकेक क्षण मोजत ऐकत राहिली.

"डॉक्टर, श्वास नाही. ठोके अठ्ठावीस."

भुलीचा वायू बंद केला, प्राणवायू सोडला, डॉक्टरांनी छातीवर हात टेकले. डार्लीन कोपरापर्यंत बरबटलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तिने आधी कुत्र्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. तिला काय दिसले ते फक्त आम्हा दोघींना कळले.

बँजो जगला. काळीज पुन्हा चालू झाले, दुपारी तो डोके उचलून उठून बसला. पण डार्लीनने त्याच्या डोळ्यांपुढे बोट फिरवले तेव्हा डोळे हलले नाहीत. मेंदूला प्राणवायू कमी पडला की असे होते. परत दिसेल की नाही, दिसले तर कधी, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

संध्याकाळी आवराआवर झाल्यावर ती मला घेऊन औषधांच्या खोलीत बसली. एक कोरा भुलीचा कागद तिने काढला. बाकीचे ठिपके उतरवून घ्यायचे, चाळीसची चौकट रिकामी ठेवायची, जुना कागद चुलीत. दहा मिनिटांचे काम होते आणि कोणाला पत्ता लागला नसता. तिने कोरा कागद माझ्यात अडकवला आणि माझ्या चिमट्याने तिचे बोट कचकन धरले. ती माझी जन्माची खोड, त्यात माझे शहाणपण काही नाही. पण ती थांबली. तिने बोट तोंडात घातले. मग कोरा कागद काढून ठेवला, जुन्यावर चाळीसच्या ठिपक्यावर एक सरळ रेघ ओढली, शेजारी आपली दोन अक्षरे टाकली आणि लिहिले, "ऐकले नव्हते. अंदाजाने दिला."

खालचा ठिपका रेघेतून स्वच्छ दिसत होता.

सकाळी ग्लेन आला. डॉक्टर त्याला सांगू लागले, "भुलीत असं कधीकधी होतं, ग्लेन. भुलीआधी सही घेतो त्या कागदावर लिहिलेलं असतं ते..."

"माझ्यामुळे झालं," डार्लीन म्हणाली. तिने मला त्याच्यापुढे धरले आणि काय केले ते सगळे सांगितले.

ग्लेनने टोपी काढली, चष्मा काढला, माझ्यावरचा कागद दोनदा वाचला. तो रागावला असता तर बरे झाले असते.

"पोरी, तुला मी लहानपणापासून बघतोय," तो म्हणाला. "तू सांगितलंस, ते बरं केलंस. आता मला एक सांग. माझा पुतण्या विजेची कामं करतो. त्यानं चुकीची तार जोडली तर राज्य त्याचा परवाना काढून घेतं. तुझ्याविरुद्ध तक्रार कुठे करायची?"

"माझ्याविरुद्ध कर," डॉक्टर म्हणाले. "ती माझ्या सहीखाली काम करते."

"तुझ्याविरुद्ध कशाला? तू पाय शिवत होतास. नीट शिवलायस." ग्लेन डार्लीनकडे वळला. "तुझा परवाना कोण काढून घेणार?"

"माझ्याकडे नाहीये."

"मग कागदावर तू कोण?"

ग्लेनने आंधळ्या बँजोला उचलून छातीशी धरले आणि तो गाडीकडे गेला. वाटेत बँजोचे नाक दाराच्या चौकटीला आपटले. तो आवाज मी अजून विसरले नाही.

मित्रांनो, पंचवीस वर्षे डार्लीन समजत होती, की परवाना म्हणजे पाठीवरची शाबासकी, आणि ती तर तिला गावाने कधीच दिली होती. त्या सकाळी तिला कळले, की परवाना ही काढून घेता येण्याजोगी वस्तू आहे आणि त्यातच त्याचे मोल आहे. जिच्याकडून काहीच काढून घेता येत नाही, तिला जाबही विचारता येत नाही. तिने टेबलाच्या पायाखालचे पत्र ओढून काढले. टेबल पुन्हा डगमगू लागले. मुदतीला दोन वर्षे राहिली होती.

"मारिसोल," ती म्हणाली, "तुझी ती पुस्तकं आण."

"सगळी?"

"जेवढी उचलतील तेवढी."

पुढचे वर्ष मी भुलीच्या कागदांबरोबर तिची टिपणेही सांभाळली. काम सोपे नव्हते. हातांना सारे येत होते, पण परीक्षा हातांना प्रश्न विचारीत नाही. "मांजराला हे औषध का देत नाहीत?" असे मारिसोल विचारी. डार्लीन म्हणे, "दिलं की वाईट होतं म्हणून." मारिसोल म्हणे, "का वाईट होतं?" आणि डार्लीन पुस्तक पुढे ओढी. पंचवीस वर्षे जे केले त्याचे कारण तिला पहिल्यांदा कळत होते. कधी ती चिडून पुस्तक मिटी, कधी एखादे कारण समजले की दिवसभर गुणगुणत राही. जेवायच्या सुट्टीत मारिसोलच्या आईने दिलेल्या मक्याच्या पानात वाफवलेल्या सारणाच्या तामाल्या खाता खाता दोघी हाडांची नावे पाठ करीत.

पहिल्या वेळी ती नापास झाली. सात गुणांनी. शहरातून दोन तास गाडी चालवत परत आली, मला खिळ्यावरून काढले आणि पुढच्या कुत्र्याची तयारी करू लागली.

"होतं असं," मारिसोल म्हणाली. "माझ्या वर्गातले किती जण—"

"कुत्र्याचं वजन किती?"

"एकवीस किलो."

"मग मोज औषध. आणि संध्याकाळी मूत्रपिंडाचा धडा. त्यातच गेले माझे सात."

दुसऱ्या वेळी ती पास झाली. मुदतीला चार महिने उरले होते. आता राहिले ते कामाचे अकरा कागद. डॉक्टरांनी तिच्यासाठी स्वतः निवडून काढले. एकेक रेघ अशी, की बघत राहावे. डार्लीनने ते माझ्यात लावले आणि त्यांच्या वर बारावा ठेवला. बँजोचा.

डॉक्टर हॅलव्हर्सन कधी आवाज चढवीत नसत, त्या दिवशी चढवला. "तुला वेड लागलंय का? अकरा मागितलेत. हा बघून ते अर्ज फेकून देतील. मग काय करशील, पिंजरे धुशील?"

"धुवीन. सुरुवात तिथूनच केली होती."

"अगं, तो कुत्रा आता बघायला लागलाय."

हे खरे होते. नवव्या दिवशी ग्लेनच्या अंगणातून मांजर गेले आणि बँजोने मान वळवली होती. महिन्याभरात तो पुन्हा गाई वळू लागला. डावा डोळा तेवढा अधू राहिला.

"ते त्याचं नशीब, डॉक्टर," डार्लीन म्हणाली. "त्यात माझं काही नाही."

मंडळाने तिला बोलावले. मीही गेले, तिच्या मांडीवर बसून. लांब टेबलापलीकडे तीन माणसे होती. त्यांतल्या प्रुइटबाई स्वतः परवानाधारक तंत्रज्ञ, केस पांढरे, हातांवर मांजरांचे जुने ओरखडे. त्यांनी बारावा कागद समोर धरला.

"हा आम्ही मागितला नव्हता."

"हो."

"मग का जोडलात?"

"तुम्ही माझं काम बघणार होतात. हेही माझंच काम आहे."

प्रुइटबाईंनी कागद उजेडात धरला आणि रेघेखालचा ठिपका पाहिला. "उद्या पुन्हा असंच शांत जनावर आहे. मागे गाय अडली आहे. तुम्हाला जावं लागतंय. काय कराल?"

"चौकट रिकामी सोडीन," डार्लीन म्हणाली. "रिकामी दिसली की पुढचा माणूस कान लावतो. भरलेली दिसली की लावत नाही. मला वाटलं होतं, मी तिला उसंत देतेय. मी तिचे कान काढून घेतले."

तिघे आपसांत बोलले. डार्लीनचा अंगठा माझ्या पोच्यावरून मागेपुढे फिरत होता. मग प्रुइटबाईंनी निर्णय सांगितला. परवाना मिळेल, पण अटीवर. एक वर्षभर तिचा प्रत्येक भुलीचा कागद दुसऱ्या परवानाधारक तंत्रज्ञाने तपासून त्यावर सही करायची. एक कागद जरी सहीवाचून सापडला, तर परवाना परत.

आमच्या दवाखान्यात दुसरी परवानाधारक एकच होती. ज्या मुलीला चावऱ्या कुत्र्याला पट्टा कसा घालायचा हे डार्लीनने शिकवले, तीच आता डार्लीनचे कागद तपासणार होती. मारिसोलला मेल्याहून मेल्यासारखे झाले. डार्लीनला मात्र काही वाटले नाही. ती रोज कागद पुढे करी आणि म्हणे, "बघ गं, बाई. नुसती सही नको, वाच."

चार महिने झाले तेव्हाची गोष्ट. मारिसोलच्या बहिणीचे लग्न होते, ती दोन दिवस रजेवर जाणार होती. जाण्याआधी तिने प्रेमाने एक काम केले. डार्लीनची अडचण होऊ नये म्हणून चार कोऱ्या भुलीच्या कागदांवर खाली सह्या करून ते माझ्यात लावून ठेवले.

डार्लीनने मला उचलले, पाहिले आणि ती पार्किंगपर्यंत मारिसोलच्या मागे गेली. मारिसोल लग्नाचा पोशाख गाडीत टांगत होती.

"हे काय?"

"दोन दिवस मी नाहीये ना. तुमचं काम अडेल म्हणून—"

"हा चाळिसाव्या मिनिटाचाच ठिपका आहे, मारिसोल."

मारिसोलने आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला. डार्लीनने पेन तिच्या हाती दिले. मारिसोलने गाडीच्या टपावर मला ठेवून चारही सह्यांवर एकेक सरळ रेघ ओढली आणि शेजारी आपली अक्षरे टाकली. दोन दिवस आमच्याकडे तातडीची नसलेली एकही शस्त्रक्रिया झाली नाही. तातडीची एकच आली, ती डॉक्टरांनी दीड तास लांबच्या दवाखान्याकडे पाठवली. गावातले लोक कुरकुरले. डार्लीनने त्यांची कुरकुर ऐकून घेतली आणि तिने मला खिळ्यावरून काढले नाही.

वर्ष पुरे झाले, अट उठली. डार्लीनचा परवाना मारिसोलच्या शेजारी भिंतीवर लागला आणि मारिसोलचे वडील आता दोन काचा पुसू लागले. बँजोला लस टोचायला ग्लेन आला तेव्हा तो त्या चौकटीपुढे टोपी मागे सारून उभा राहिला.

"हा तुझा?"

"माझा."

"ते खाली बारीक आकडे कसले?"

डार्लीनने मला घेतले, एका चिठ्ठीवर तो नंबर लिहिला, खाली मंडळाचा पत्ता लिहिला आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

"तक्रार कुठे करायची, विचारत होतात ना? इथे."

ग्लेनने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि टोपीच्या आतल्या पट्टीत खोचली. "बरं झालं," तो म्हणाला. "आता याला तुझ्याकडे निश्चिंत सोडतो." आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बँजोचा पट्टा तिच्या हाती देऊन तो बाहेर तंबाखू चघळायला गेला.

मित्रांनो, आता मी कामाची उरले नाही. दवाखान्यात पडदा असलेले यंत्र आले, ठिपके तेच देते. मी औषधांच्या खोलीत खिळ्यावर असते. कधी माझ्यावर धूळ बसते, कधी कोणी माझ्या कोपऱ्याला रेनकोट अडकवते. त्याचे वाईट वाटते, नाही असे नाही. पण माझ्या चिमट्यात अजून बँजोचा कागद आहे. कॉलेजातून नवी मुले शिकायला आली की डार्लीन त्यांना आधी यंत्राकडे नेत नाही, माझ्याकडे आणते. चाळिसावी चौकट दाखवते आणि स्वतःच्या तोंडाने सगळे सांगते, एक शब्दही गाळत नाही.

तुम्ही मोठे होऊन कोणतेही काम कराल. त्यात हुशारही व्हाल. तेव्हा ध्यानात ठेवा, की जे ऐकले नाही ते लिहू नका, आणि जे चुकले ते खोडू नका. मुक्या जीवाला तक्रार करता येत नाही. त्याच्या वतीने तुम्हाला जाब विचारणारे कोणीतरी असू द्या, आणि त्याचा पत्ता तुम्ही आपल्या हाताने लिहून द्या. मला तोंड नव्हते, म्हणून त्या दिवशी मी गप्प राहिले. तुम्हाला आहे.